रक्ता, विसर!

"एक रेघ! बघा, नीट बघा, एकच रेघ!"

पेशीगुरूने ते बोटभर लांबीचं पांढरं कार्ड डोक्यावर धरलं आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारबांनी हात जोडले. त्यांच्या शेजारचा तरुण मोबाइल उंच धरून त्या कार्डाचे फोटो काढत सुटला. ज्यांचं ते कार्ड होतं त्या शिंपीणबाई खुर्चीत बसल्या बसल्या रुमालात तोंड खुपसून रडायला लागल्या. सात आठवड्यांपूर्वी त्यांच्या कार्डावर दोन रेघा होत्या म्हणे. दोन रेघा म्हणजे रक्तात जुना विषाणू, एक रेघ म्हणजे रक्त स्वच्छ. इतकं सोपं शास्त्र हाताशी असताना लोक वर्षानुवर्षं डॉक्टरकी कशाला शिकतात, देव जाणे.

मी शेवटच्या रांगेत बसले होते आणि मला किळस आली होती. राग नंतर आला. आधी आली ती किळस, तोंडात कडू पाणी यावं तशी.

हॉल म्हणजे बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा वरचा मजला. खुर्च्या सहा तऱ्हेच्या, काहींवर अजून 'नमुना, विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी. प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, फाइलमध्ये रक्ताचा रिपोर्ट, आणि रिपोर्टमधल्या एकाच ओळीभोवती पेनाने काढलेला गोल. सायटोमेगॅलो व्हायरस, आयजीजी अँटिबॉडी: पॉझिटिव्ह. लाल अक्षरांत.

ती लाल अक्षरं मला चांगली ओळखीची आहेत, कारण मी स्वतः ती छापते. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, वीस वर्षं झाली. ठरलेल्या आकड्याबाहेर काही गेलं की कॉम्प्युटर ते लाल करतो. का, कशासाठी, त्याचा अर्थ काय, हे तो सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही सांगत नाही. कागद पाकिटात घालतो, पाकीट माणसाच्या हातात देतो, पुढचा नंबर पुकारतो.

त्या खुर्च्यांपैकी दुसऱ्या रांगेतल्या एका खुर्चीवर माझे भावोजी बसले होते. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा.

ताईच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीन दिवस ती हाताला दोन जाड सुया टोचून चार चार तास मशीनला बांधलेली असते. भावोजींची किडनी तिला जुळते असं कळलं तेव्हा त्यांनी डॉक्टरांना एका दमात विचारलं होतं, "उद्या काढता का?" लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. बोलणं कमी, काम चोख. मग त्यांच्या तपासण्या झाल्या, पाकीट हातात आलं, आणि त्यांनी ते जिन्यातच उघडलं. त्या दिवसापासून त्यांचं 'जरा थांबा' सुरू झालं. हॉस्पिटलने एकदा ऑपरेशनची तारीख दिली, ती त्यांनी पुढे ढकलली. दुसरी दिली, तिला त्यांनी उत्तरच दिलं नाही. घरी विचारलं तर कामाचा व्याप आहे म्हणत. ताई गप्प. मीही गप्प, कारण नवरा-बायकोच्या मध्ये कोण तोंड घालणार?

या सत्राच्या दोन दिवस आधी ते माझ्या लॅबमध्ये आले. चेहरा खुललेला. "तुला म्हणून सांगतो. माझ्या रक्तात जुना विषाणू निघाला होता. आता जातोय. परवा माझं सातवं सत्र, त्या दिवशी एक रेघ येणार. लगेच जाऊन ऑपरेशनची तारीख घेतो."

मी कपाळाला हात लावला. "भावोजी, तो विषाणू निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांत असतो हो. कित्येक ठिकाणी दहातल्या नऊ जणांत. लहानपणी कधीतरी साधा ताप येतो किंवा तेवढाही येत नाही. मग तो अंगात पडून राहतो, जन्मभर. चांगल्या धडधाकट माणसाला त्याचं काही होत नाही."

"पण रिपोर्ट लाल आहे."

"असू दे लाल! डॉक्टरांना विचारलंत का?"

"विचारलं असतं तर त्यांनी मला बादच केलं असतं. मग तिला कोण देणार?" ते खाली बघत बोलत होते. "आणि हे बघ, लाल दिवा लागलेली लिफ्ट मी माणसांना वापरायला देत नाही. मग लाल शेरा मारलेली किडनी तिला देऊ?"

माणूस बायकोच्या जिवाला घाबरून मूर्खपणा करत होता. त्याला मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटेना. मी तासभर समजावलं आणि ते तासभर मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "तू येऊन बघ तरी. डोळ्यांनी बघितलंस की पटेल." म्हणून मी आले होते. डोळ्यांनी बघायला.

पेशीगुरू म्हणजे जटा नाहीत, भगवं नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशाला चार पेनं. चार पेनं कशाला लागतात हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण लिहिताना मी त्याला एकदाही पाहिलं नाही. आवाज मात्र लोण्यासारखा.

"मित्रांनो, तुमच्या रक्तात सैनिक आहेत. आहेत की नाही?"

"आहेत!" हॉल ओरडला.

"त्यातले काही सैनिक स्मृतिपेशी असतात. एकदा भेटलेला शत्रू त्या विसरत नाहीत. पण हा जुना विषाणू काय करतो? तो मरत नाही, लपून बसतो. आणि तुमचे सैनिक? दिवसरात्र त्याचीच आठवण काढत बसतात! एका चोरासाठी अख्खी पलटण! मग नवा रोग आला की लढायला कोण? कुणी नाही! तुम्ही दमता का? दमता. गुडघे दुखतात? दुखतात. झोप येत नाही? कशी येईल! तुमची पलटण आठवणीत अडकलीय!"

इथे माझं पित्त खवळलं. त्याच्या थापांनी नव्हे, त्यातल्या खऱ्याने. कारण हे अर्धं खरं होतं. या विषाणूसाठी शरीर खरंच खूप स्मृतिपेशी राखून ठेवतं, आणि वय वाढेल तशा त्या वाढतातही. माणसाने कुठेतरी दोन परिच्छेद वाचले असणार, त्यावर थुंकी लावली असणार आणि तेच आमच्या लोकांना चाटायला दिलं होतं.

"यावर उपाय एकच. त्यांना विसरायला लावायचं. स्मृतिशुद्धी!"

मग त्याच्या मदतनीस बाईने सगळ्यांच्या दंडाला एकेक पट्टा बांधला. पट्ट्याची तार एका डब्याला, डब्यावर लाल दिवा. बटण दाबताच पट्टे थरथरायला लागले. हे पट्टे मी ओळखले. पोटाची चरबी कमी करायला विकतात ते. माझ्या नणंदेने घेतला होता, तिची चरबी अजून आहे.

"माझ्यामागून म्हणा. रक्ता, विसर!"

"रक्ता, विसर!"

"पेशींनो, विसरा!"

"पेशींनो, विसरा!"

चांगली शिकलेली साठ-सत्तर माणसं, डोळे मिटून, थरथरत्या पट्ट्यात हात घालून, आपल्याच रक्ताला आर्जवं करत होती. त्यात माझे भावोजीही. त्यांचे ओठ इतक्या मनापासून हलत होते की मला मान वळवावी लागली. डब्यावरचा लाल दिवा हिरवा झाला तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला.

आता माझी एक सवय सांगते. मी माणसाच्या तोंडाकडे फार बघत नाही, हातांकडे बघते. कुठली नळी, कुठली सुई, कुठला थेंब कुठे गेला, यातच माझं आयुष्य गेलं. म्हणून गुरू बोलत होता तेव्हा मी त्याच्या मदतनीस बाईचे हात बघत होते.

नव्याने आलेल्या एका गवंड्याचं बोट तिने टोचलं आणि थेंब थेट कार्डावर टाकला. वर त्या कार्डाबरोबर कंपनीकडून येतं त्या औषधाचे दोन थेंब. दहा मिनिटांनी दोन रेघा. मग सातव्या सत्राच्या एका दूधवाल्याचं बोट टोचलं. त्याचा थेंब मात्र कार्डावर गेला नाही. तो गेला एका बाटलीत. पाव लिटरची काचेची बाटली, आत पाणी, वर चिठ्ठी: शोधजल. बाईने बाटली हलवली, त्यातला एक थेंब उचलला आणि तो कार्डावर टाकला. दहा मिनिटांनी एक रेघ, टाळ्या. मघाच्या शिंपीणबाईंच्या वेळीही बाटली होती, ते मला आता आठवलं.

मला हसू आलं. एवढंच? ना हातचलाखी, ना छुपा कप्पा. सगळं उघड्यावर, दिव्याखाली, सत्तर माणसांच्या डोळ्यांदेखत.

तेवढ्यात गुरूने भावोजींना वर बोलावलं. ते जाऊन खुर्चीत बसले, तळहात पुढे केला. मदतनीस बाईने बोटाला टोचायचं ते पेन उचललं, कापसाने टोक पुसलं आणि माझं हसू जागच्या जागी थिजलं. तिने सुई बदलली नव्हती. दूधवाल्यासाठी बदलली नव्हती. गवंड्यासाठी बदलली नव्हती. कापसाने पुसायची आणि पुढच्या बोटात खुपसायची.

"थांबा!" मी ओरडले. "सुई बदला! अहो, ती सुई बदला!"

पेनाचा टक असा आवाज झाला. उशीर झाला होता.

"बाई, खाली बसा हो," शेजारचा माणूस म्हणाला. "त्यांचा शेवटचा टप्पा आहे, मोडता घालू नका."

भावोजींचा थेंब बाटलीत गेला, बाटली हलली, कार्डावर थेंब पडला. दहा मिनिटं थांबायचं होतं. गुरूने माझ्याकडे पाहून दयेने स्मित केलं. "शंका असणं चांगलं. कुणाला शंका असेल तर पुढे यावं. सत्याला भीती कसली?"

हे वाक्य तो रोज म्हणत असणार आणि रोज कुणीही उठत नसणार. मी उठले. पर्स घेऊन सरळ व्यासपीठावर गेले.

"माझंही रक्त तपासा," मी म्हणाले. "माझ्याही रिपोर्टवर तीच लाल ओळ आहे आणि मी आज पहिल्यांदाच आलेय. पट्टा बांधलेला नाही, एक अक्षर म्हटलेलं नाही. फक्त एक करा. माझा थेंब बाटलीतून तपासा."

"पहिल्या दिवशी थेंब थेट कार्डावर जातो."

"का?"

"अशुद्ध रक्ताने शोधजल बाटतं, ताई." हॉल हसला. तोही हसला. "विज्ञान आहे हे. तुमच्या-माझ्या मर्जीचं नाही."

"आणि शुद्ध झालेलं रक्त थेट कार्डावर का नाही टाकत?"

"त्याला शोधजलाचाच मान आहे."

लोक पुन्हा हसले. मला कळलं, मी हरतेय. माझ्याकडे शब्द होते आणि त्याच्याकडेही शब्द होते, वर त्याचा आवाज माझ्याहून गोड होता. तेवढ्यात कार्डाची दहा मिनिटं झाली. एक रेघ. गुरूने ते उंच केलं, टाळ्या सुरू झाल्या आणि भावोजी खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता हे पाया पडतात. पण ते बाटलीकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर ती आठी होती, बिघडलेल्या लिफ्टचा दरवाजा उघडल्यावर येते ती.

"गुरुजी," ते म्हणाले, "या बाटलीतून कधी दोन रेघा आल्यात?"

"कशा येतील? शुद्ध रक्ताला दोन रेघा येत नाहीत."

"तसं नाही. अशुद्ध रक्त बाटलीत टाकून कधी बघितलंय का? मुद्दाम?"

"सांगितलं ना, जल बाटतं."

"म्हणजे नाही बघितलं." ते हॉलकडे वळले. "आमच्या कामात वायर बंद आहे का बघायला टेस्टर लावतात. दिवा लागला नाही म्हणजे वायर बंद. पण टेस्टरच बिघडलेला असला तर? दिवा लागणारच नाही आणि माणूस चिकटून मरेल. म्हणून आम्ही टेस्टर आधी चालू वायरवर लावतो. तिथे लागला, तरच बंद वायरवर त्याचं खरं मानायचं. माझा सोबती हे एकदाच विसरला होता." हॉल आता ऐकत होता. "तुमची बाटली चालू वायरवर लावलेलीच नाही तुम्ही."

असं साधं, सरळ बोलणं मला तासाभरात जमलं नव्हतं.

गुरूचं लोणी जरा पातळ झालं. "तुमच्या मनात शंका शिरली, म्हणजे तुमच्या पेशींना पुन्हा आठवायला लागलंय. लगेच आठवं सत्र करावं लागेल."

"आधी बोट," भावोजी म्हणाले आणि माझ्यापुढे हात केला.

घरोघर जाऊन रक्त काढायचं काम असल्याने माझ्या पर्समध्ये नव्या, बंद पाकिटातल्या सुया असतातच. मी पाकीट सर्वांसमोर फाडलं. त्यांचा थेंब थेट कार्डावर टाकला, वर कंपनीच्या औषधाचे दोन थेंब. दुसरं पाकीट फाडून माझं बोट टोचलं आणि माझा थेंब, अशुद्ध, पापी, पहिल्या दिवसाचा थेंब, त्याच्या त्या पवित्र बाटलीत सोडला. बाटली हलवली, थेंब उचलला, दुसऱ्या कार्डावर टाकला. दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली.

दहा मिनिटं. गुरू नकारात्मक लहरींवर बोलत राहिला. कुणी ऐकत नव्हतं. मागच्या रांगांतली माणसं पुढे येऊन टेबलाभोवती उभी राहिली.

भावोजींच्या कार्डावर दोन रेघा उमटल्या. माझ्या कार्डावर एक.

"म्हणजे..." शिंपीणबाई म्हणाल्या, "न धुतलेलं स्वच्छ आणि सात वेळा धुतलेलं घाण?"

"बाई, इथे काही धुतलं गेलेलं नाही," मी म्हणाले. "या कार्डावरची पहिली रेघ फक्त एवढंच सांगते की कार्ड चालतंय. ती नेहमीच येते. दुसरी रेघ येते ती रक्तातल्या अँटिबॉडीमुळे. विषाणूला अडवायला शरीर ज्या वस्तू बनवतं त्या. पण त्यासाठी रक्त पुरेसं लागतं. एक थेंब पाव लिटर पाण्यात टाकला की तो इतका पातळ होतो की कार्डाला पत्ताच लागत नाही. पिंपभर पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि चाखून बघा, अळणीच लागेल. म्हणून मीठ नाहीसं झालं का? पहिल्या दिवशी तो तुम्हाला रक्त चाखून दाखवतो आणि सातव्या सत्राला पाणी. बास. एवढीच त्याची सिद्धी."

कुणीतरी शिवी हासडली. मग गोंधळ. पण तुम्हाला वाटत असेल की लोकांनी गुरूला धरलं, तर तसं झालं नाही. गुरू मागच्या जिन्याने कधी सटकला हे कुणी पाहिलंही नाही. लोक माझ्यावर चिडले. एक गृहस्थ माझ्या तोंडासमोर फाइल नाचवत म्हणाले, "तुम्हाला काय मिळालं आमची आशा मोडून?" दूधवाला तर स्वतःचं एका रेघेचं कार्ड खिशात घालून चालता झाला. मी ओरडून सांगत होते की ज्यांना त्या पेनाने टोचलंय त्या प्रत्येकाने कावीळ आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्या, आमच्या लॅबमध्ये या, मी स्वतः करते. सत्तरातले अकरा आले. बाकीच्यांना त्या बिनधोक विषाणूची भीती वाटली होती, या खऱ्या धोक्याची नाही. मी त्या गुरूची पोलिसांत आणि आरोग्य खात्यात तक्रार केली, हॉलला सील लागलं. माणूस अजून सापडायचाय.

दुसऱ्या दिवशी भावोजींना घेऊन मी हॉस्पिटलमध्ये गेले. ताई मशीनवर होती. किडनीच्या डॉक्टर तिच्या खुर्चीपाशीच उभ्या राहिल्या. भावोजींनी मान खाली घालून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ताई त्यांच्याकडे एकटक बघत होती.

"एवढ्यासाठी थांबलात?" डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी फाइलचं पान उलटलं. "हा तुमच्या बायकोचा रिपोर्ट. वाचा."

तीच ओळ. तीच लाल अक्षरं. पॉझिटिव्ह. खाली डॉक्टरांच्या अक्षरात एक टीप: दोघंही पॉझिटिव्ह, अडचण नाही, नेहमीचे औषध द्यावे.

"त्यांच्यातही तो आहे. माझ्यातही असेल," डॉक्टर म्हणाल्या. "अंगात त्याचं बिऱ्हाड कायमचं असतं, म्हणून आपलं शरीर त्याच्यावर पहारा ठेवतं. त्या स्मृतिपेशी म्हणजे तो पहारा. जन्मभर तो मधूनमधून डोकं वर काढतो आणि त्या दाबतात, म्हणून त्यांची संख्या वाढत जाते. निरोगी माणसाचं त्यामुळे काही अडत नाही, बाकीचे पहारेकरी आपापल्या जागी असतात. खूप म्हातारपणी याचा थोडाफार भार पडतो का, यावर अजून अभ्यास चाललाय. पण या पेशी खरंच विसरल्या ना, तर तो उठेल आणि डोळे, फुप्फुसं, आतडी, कशालाही लागेल."

"मग तपासता कशाला?" भावोजींनी विचारलं.

"कारण ऑपरेशननंतर मीच तो पहारा ढिला करणार आहे. नाहीतर शरीर नवीन किडनीला परकी समजून मोडून टाकेल. पहारा ढिला झाला की या विषाणूवर मला लक्ष ठेवावं लागतं, औषध द्यावं लागतं. माझ्या कामाची ओळ होती ती, तुम्हाला बाद करायची नव्हती."

मी मनात म्हटलं, म्हणजे तो हरामखोर सत्तर माणसांकडून जी गोष्ट घडावी म्हणून जप करून घेत होता, तिचीच डॉक्टरांना धास्ती असते. बरं, त्याला ते करताही येत नव्हतं हेच आपलं नशीब.

"आता ऑपरेशन कधी?" भावोजींनी विचारलं.

डॉक्टरांनी फाइल मिटली. "त्या सुईने तुम्हाला कितीदा टोचलं?"

"सात वेळा. दर सत्राला एकदा."

"मग आत्ता नाही. त्या सुईतून काही आलं असेल तर तपासणीत ते लगेच दिसेलच असं नाही. मला थांबून पुन्हा तपासावं लागेल. तीन महिने धरून चला."

मी मनातल्या मनात हिशेब केला. आणखी तीन महिने, आठवड्याला तीन दिवस, दर वेळी दोन सुया. भावोजी भिंतीला टेकले.

"तसंही त्यांचं नाव आता यादीत नाही," ताई म्हणाली. "मागच्या सोमवारी मी खालच्या ऑफिसात सही करून दिलीय. नवऱ्याची किडनी नको, मरण पावलेल्या कुणाची मिळेल तेव्हा द्या म्हणून."

"अगं, पण का?"

"दोन तारखा तुम्ही टाळल्यात. वेगळ्या खोलीत झोपायला लागलात. मला वाटलं, तुम्ही घाबरलात. साहजिक आहे, पोट फाडून घ्यायचंय." सुया टोचलेला हात हलवता येत नव्हता, म्हणून तिने दुसऱ्या हाताने डोळे पुसले. "तुम्हाला नाही म्हणायला लाज वाटत असेल, तर ते तुम्हाला म्हणायला लागू नये म्हणून मीच म्हटलं."

भावोजी खाली वाकले आणि त्यांनी तिच्या पायांवर कपाळ टेकलं, भर वॉर्डात, पाच मशीनच्या आवाजात. मी तिथून बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून मनसोक्त रडले. रडता रडता त्या चार पेनं खिशाला लावणाऱ्या माणसाला मी जे जे म्हटलं ते इथे छापता येणार नाही.

ताईने सही केलेला तो कागद दुसऱ्याच दिवशी रद्द झाला. भावोजींच्या फेरतपासण्या तीन महिन्यांनी निर्दोष आल्या. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यात आहे. जे होईल ते होईल. पण ते तीन महिने, आणि त्याआधीचे, ताईच्या हातावर काळ्यानिळ्या डागांनी मोजून ठेवलेले आहेत. ते कुठलाही गुरू पुसून देणार नाही.

लॅबमध्ये आता मी एक बदल केलाय. लाल अक्षर दिसलं की पाकीट देताना मी माणसाला दोन मिनिटं बसवते आणि विचारते, हे काय आहे माहीत आहे का? मागचे लोक कुरकुरतात. कुरकुरू देत. आमच्या गप्प बसण्यातूनच असल्या गुरूंची पोटं भरतात.

तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर टाळ्या वाजवायच्या आधी विचारा की आधी जसं तपासलं तसंच नंतर तपासलं का. तुमच्या अंगात टोचायची सुई नवी आहे का, ते बघा आणि नसेल तर हात मागे घ्या. कागदावरचा शब्द कळला नाही तर लाजू नका, ज्याला कळतो त्याला विचारा. आणि ज्या माणसाच्या काळजीने तुम्ही हे सगळं लपवून करताय, त्या माणसाला आधी विचारा.